लिफ्ट बंद, पद्धत चालू

पद्धतरावांना पद्धतराव हे नाव कोणी ठेवलं, यावर इमारतीत एकमत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा विमावाला म्हणतो मी ठेवलं, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर म्हणतात मी. पण ज्याच्या घरी चहाच्या कपांचे कान एकाच दिशेला वळलेले असतात आणि जो चिडलेल्या बायकोला "आधी मुद्दा सांग, मग रड" असं सांगून अजून जिवंत आहे, त्या माणसाला दुसरं नाव शोभलंच नसतं.

लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ते ग्राहक-तक्रार विभागाचे प्रमुख होते. तिथली तक्रारीची नवी पद्धत त्यांनी एकट्याने, एकहाती आणि कोणालाही न विचारता तयार केली होती. या पद्धतीमुळे वर्षभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. मोठ्या साहेबांनी भर सभेत त्यांची पाठ थोपटली. आता लिफ्ट बिघडायच्या कमी झाल्या की लोकच फोन करून करून थकले, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारला नाही. अशा सभांना नाश्ता चांगला असतो.

पद्धतराव राहत ती इमारतही त्यांच्याच कंपनीची जाळीच्या दाराची लिफ्ट बाळगून होती, आणि इमारतीचे सेक्रेटरी अर्थातच पद्धतराव होते. चौथ्या मजल्यावरच्या घरात ते, त्यांची बायको आणि गेल्या वर्षापासून त्यांच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई अशी तीन माणसं. सासूबाई बोलायला मोजक्या. पण त्या मोजक्या शब्दांचा नेम सहसा चुकत नसे.

त्या दिवशी बायको कामावर गेली होती आणि सासूबाईंना स्टेशनवर सोडायचं काम पद्धतरावांकडे आलं होतं. सासूबाईंची धाकटी बहीण दूरच्या गावी निघाली होती. इथे तिला एक गाडी सोडून दुसरी पकडायची होती आणि मध्ये तासाभराचा वेळ होता. बायकोने ठरवून दिल्याप्रमाणे तेवढ्यात दोघींची फलाटावर गाठ पडणार होती. सासूबाईंनी एक पिशवी छातीशी धरली होती. पिशवीत काय आहे ते पद्धतरावांनी विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीने ही एक पिशवी पोचवण्याची कामगिरी होती आणि तिच्यासाठी त्यांनी जाण्याचा रस्ता, येण्याचा रस्ता आणि गाडी लावायची जागा आदल्या दिवशीच ठरवून ठेवली होती.

"जिन्याने जाऊ या का?" सासूबाई म्हणाल्या. "मघाशी लिफ्ट कण्हत होती."

"आई, आमच्या कंपनीची लिफ्ट कण्हत नाही," पद्धतराव हसून म्हणाले. "तो चालण्याचा आवाज आहे."

तिसरा मजला ओलांडला आणि तो आवाज थांबला. पाठोपाठ लिफ्टही थांबली. समोर नुसती भिंत, आणि वरच्या अंगाला तिसऱ्या मजल्याची वीतभर फट. त्या फटीतून जिन्याचा कठडा आणि कोणाची तरी वाळत घातलेली पायपुसणी दिसत होती.

"थांबली," सासूबाई म्हणाल्या.

"थांबली नाही, विसावली," असं काहीतरी पद्धतराव म्हणणार होते, पण त्यांनी ते गिळलं. सगळी बटणं एकेकदा दाबली, मग सगळी पुन्हा एकदा उलट्या क्रमाने दाबली. लिफ्ट ढिम्म हलली नाही. त्यांचा मोबाइल घरी चार्जिंगला होता. सासूबाईंनी आपला मुद्दाम घरी ठेवला होता.

"मुद्दाम?"

"फोन जवळ असता तर ती ऐन वेळी 'येऊ नकोस' म्हणाली असती. आता म्हणेल कोणाला?"

पद्धतरावांनी हे ऐकलं, पण त्याचा अर्थ लावायला ते थांबले नाहीत. भिंतीवरचा मदतफोन त्यांनी असा उचलला, जसा एखादा स्वयंपाकी आपल्याच हातच्या पदार्थाचं झाकण उघडतो. पलीकडून एक भारदस्त आवाज आला, "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. कृपया शांतता राखा. शांत ग्राहक हाच सुखी ग्राहक."

फोनचा आवाज मोठा होता. सासूबाईंनी कान टवकारले. "हा कोण आगाऊ माणूस?"

पद्धतराव घसा खाकरून म्हणाले, "मी आहे."

कंपनीने व्यावसायिक आवाजाचा खर्च वाचवला होता आणि त्या वेळी पद्धतरावांना त्याचा अभिमान वाटला होता. आता आगाऊ माणूस पुढे बोलू लागला. लिफ्टच्या दारासाठी एक दाबा, दिव्यासाठी दोन, आवाजासाठी तीन, आरशासाठी चार. असं करत करत 'लिफ्ट अडकली असल्यास नऊ' इथे तो पोचला, कारण पद्धतरावांनी पर्याय वर्णानुक्रमे लावले नव्हते, खर्चाच्या क्रमाने लावले होते. नऊ दाबल्यावर बासरी सुरू झाली. बासरी संपली की आगाऊ माणूस कॉल मोलाचा असल्याचं सांगे आणि पुन्हा बासरी लागे.

"तुम्ही फार बोलता, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "घरी कळत नाही ते."

शेवटी एक मुलगी फोनवर आली. आवाज तरतरीत, पण वाक्यं पद्धतरावांची. "सर, लिफ्टचा नोंदणी क्रमांक सांगाल?"

"तो लिफ्टच्या... " असं म्हणत पद्धतरावांनी चारी भिंती पाहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. क्रमांकाची पट्टी तळमजल्यावर, दाराबाहेर होती. मेकॅनिकला आल्या आल्या दिसावी म्हणून ती तिथे लावण्याचा आदेश त्यांनीच काढला होता. आत अडकलेल्या माणसाला ती कशी दिसेल, हा विचार त्यांना आजवर शिवला नव्हता. त्यांच्या डोक्यातला ग्राहक कायम लिफ्टच्या बाहेर, हातात पेन घेऊन उभा असे.

"अहो, मी तुमच्या विभागाचा प्रमुख बोलतोय."

"हो सर, तसं बरेच जण सांगतात," मुलगी नम्रपणे म्हणाली. "असं सांगणाऱ्यांच्या दबावाला बळी पडू नये, असा नियम आहे."

नियम कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

एव्हाना फटीत चपला जमू लागल्या होत्या. एक जोडी मास्तरांची, एक विमावाल्याची. मग चपलांच्या जागी गुडघे आले आणि शेवटी मान वाकडी केलेले मास्तर दिसू लागले.

"कितीजण आहात आत?"

"दोघं."

"मग वजनाचा प्रश्न नाही. दोघांनी एकदम उडी मारा. पण एकाच वेळी हं, नाहीतर उपयोग नाही."

"मास्तर, आईंना उडी मारायला सांगता?"

"मी मारीन," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही वर मारून दाखवा."

विमावाल्याने सल्ला दिला की आतून दार वाजवत राहावं, लिफ्टला कळतं. कोणीतरी जिन्यावरून ओरडलं की मेन स्विच बंद करून चालू करा. दुसऱ्याने तो लगेच बंद केला आणि आत काळोख झाला. मग सगळ्या इमारतीतून "कोणी बंद केला रे?" अशी ओरड उठली आणि पुन्हा उजेड आला. लिफ्ट तिथेच होती. आगाऊ माणूस मात्र पहिल्यापासून सुरू झाला होता.

क्रमांक आणायला मास्तर तळमजल्यावर गेले. मागच्या रंगकामात रंगाऱ्याने पट्टीसकट भिंत रंगवली होती, आणि त्या रंगकामावर देखरेख सेक्रेटरींची होती. मास्तरांनी किल्लीने खरवडून एकेक आकडा मोकळा केला आणि खालून ओरडून सांगितला. मधूनच एखाद्या आकड्यानंतर "ही मूळ संख्या आहे हं!" असंही ते सांगत होते. क्रमांक मिळाला. बासरी ऐकून झाली. मुलगी पुन्हा आली.

"धन्यवाद सर. आता खात्रीसाठी सेक्रेटरींच्या घरच्या फोनवर आमचा फोन येईल. तो उचलून सुरक्षा-प्रश्नाचं उत्तर द्या."

"सेक्रेटरी लिफ्टमध्ये आहे!"

"मग ते बाहेर आल्यावर उचलू दे सर."

फोन ठेवला गेला, आणि क्षणभराने चौथ्या मजल्यावर पद्धतरावांच्या बंद घरात घंटा वाजू लागली. स्वतःच्या घरचा फोन इतक्या जवळून आणि इतका दूर त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि फटीतून वर सरकवली. विमावाला दोन-दोन पायऱ्या गाळत पळाला. फोन उचलून त्याने "होय, मीच सेक्रेटरी" असं इतक्या सहज सांगितलं की पद्धतरावांना आपल्या विम्याच्या कागदांची काळजी वाटली. मग तो जिन्यातून ओरडला, "लग्नाची तारीख विचारतेय!"

पद्धतरावांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई गरजल्या, "सत्तावीस फेब्रुवारी!"

वरून विमावाल्याचा आवाज आला. "चूक म्हणतेय! आणखी एकच संधी आहे म्हणतेय!"

"चूक?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीचं लग्न. मी स्वतः हजर होते."

पद्धतराव दरवर्षी सतरा फेब्रुवारीला बायकोसाठी फुलं आणत. तिला वाटे, माणूस उतावळा आहे. सत्तावीसला हा ढुंकूनही का पाहत नाही, हे मात्र तिला आजवर न सुटलेलं कोडं होतं. लिफ्टच्या नोंदणीच्या वेळी ही सतराच तारीख त्यांनी अभिमानाने दिली होती.

भिंतीकडे तोंड करून ते हळूच म्हणाले, "सतरा सांगा."

"ऐकू नाही आलं!"

"सतरा!" हे मात्र तळमजल्यापर्यंत गेलं.

"बरोबर!" वरून आनंदाची आरोळी आली. सासूबाईंनी जावयाकडे फक्त पाहिलं. लिफ्ट लहान असल्यामुळे ते पाहणं फार जवळून झालं.

तक्रार नोंदली गेली. लिफ्टमधला मदतफोन वाजला आणि मुलगी म्हणाली, "आपली तक्रार 'साधारण' वर्गात आहे. दिवसभरात माणूस येईल."

"दिवसभरात? 'तातडीची' करा!"

"धीर सुटल्याचं आवाजावरून जाणवलं तरच तातडीची करता येते सर. आपण फार छान, मुद्देसूद बोलता."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पद्धतरावांना आता हळूहळू चटका बसू लागला होता. शहाण्यासारखं वागणाऱ्या ग्राहकाला सगळ्यात शेवटी माणूस पाठवणारी पद्धत त्यांनी स्वतःच्या हाताने बनवली होती. इलाज नव्हता. त्यांनी धीर सोडायचं ठरवलं आणि दोन हुंदके दिले. ते इतक्या सारख्या अंतराने आले की मुलीने काळजीने विचारलं, "सर, उचकी लागलीय का? पाणी आहे जवळ?"

सासूबाईंनी फटीकडे मान करून विमावाल्याला हाक मारली. "बाबा, तुझी स्कूटर आहे ना? स्टेशनवर जा आणि माझ्या बहिणीला सांग की मी अडकले आहे."

"ओळखू कशी?"

"माझ्यासारखीच दिसते. माझ्यापेक्षा रागात असेल."

विमावाला गेला. मग सासूबाईंनी जावयाच्या हातातून फोन काढून घेतला. "बाळ, मी म्हातारी बोलतेय. हे हुंदके देणारे माझे जावई."

पलीकडे क्षणभर वाक्यं संपल्यासारखं झालं. मग मुलगी आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही कुठे निघाला होतात?"

हा प्रश्न पद्धतीत नव्हता. पद्धतरावांना तो ऐकून आधी धक्काच बसला. सासूबाईंनी मात्र पिशवी आणखी जवळ ओढली.

"बहिणीला भेटायला," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं बोललो नाही आम्ही. आईच्या शिवणयंत्रावरून. ते यंत्र आता गंजलंय, दोघींनाही नकोय. तिला थंडी सोसत नाही, म्हणून स्वेटर विणलाय मी. ती आता लेकाकडे कायमची चाललीये, पार तिकडे. पुन्हा इकडे येईल का, आणि आली तर मी असेन का, कोण सांगणार? तिला वाटेल, आलेच नाही मी. मुद्दामच आले नाही." आणि इथे त्यांचा आवाज खरोखरच फुटला.

पद्धतराव आपल्या बुटांकडे पाहत राहिले. वर्षभर ही बाई त्यांच्यासमोर बसून तो स्वेटर विणत होती. कोणासाठी, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. लोकर सांडू नये म्हणून टोपली मात्र आणून दिली होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"आजी, फोन ठेवू नका," मुलगी म्हणाली. "तुमच्या मागच्या गल्लीत आमचा एक माणूस काम आटोपून चहा पितोय. नियमाने त्याने आधी ऑफिसात परत यायला हवं, पण मी त्याला तुमच्याकडेच पाठवते. तोवर बोलत राहा. स्वेटर कोणत्या रंगाचा आहे?"

स्वेटर जांभळा आहे, आणि धाकटीला जांभळा आवडत नाही पण शोभतो, एवढं सांगून होतंय तोच मेकॅनिक आला. त्याच्या तोंडात अर्धं बिस्कीट होतं. त्याने गच्चीवरच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवलं, लिफ्ट इंच इंच उतरत दुसऱ्या मजल्यावर आली आणि दार उघडलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पद्धतरावांनी ठरवलेला रस्ता, गाडी लावायची जागा, सगळं खड्ड्यात गेलं. वाटेत त्यांनी दोनदा चुकीच्या गल्लीत गाडी घातली आणि स्टेशनसमोर जिथे 'येथे वाहने लावू नयेत' असं लिहिलं होतं तिथेच लावली.

फलाट रिकामा होता. गाडी गेली होती.

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. पद्धतरावांना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आणि मग फलाटाच्या टोकाकडून ओळखीचा आवाज आला, "...आणि मॅच्युरिटीनंतर, मावशी, तुम्हाला पाहायलाच नको!"

बाकावर विमावाला बसला होता. त्याच्या शेजारी, सासूबाईंसारखीच दिसणारी आणि त्यांच्यापेक्षा रागात असलेली एक बाई ट्रंकेवर पाय ठेवून बसली होती.

"गाडी गेली तुझी?" सासूबाईंनी विचारलं. तीन वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य.

"जाऊ दिली," धाकटी म्हणाली. "हा म्हणाला, तुमची ताई अडकलीये. मी म्हटलं, ती कसली अडकते, ती दुसऱ्यांना अडकवते. पण म्हटलं, खरंच असेल तर? असं टाकून कसं जायचं? म्हणून बसले. तेव्हापासून हा माझ्या मरणाबद्दल बोलतोय."

सासूबाईंनी पिशवीतून स्वेटर काढला. धाकटीने तो तिथेच अंगावर चढवला. "बाह्या आखूड आहेत."

"हात लांब आहेत तुझे. पहिल्यापासून. यंत्रापर्यंत पोचले तेव्हाच कळलं होतं मला."

"ताई, सुरू होऊ नकोस!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. पद्धतरावांच्या डोळ्यांतही पाणी आलं. या वेळी कोणी उचकी लागली का म्हणून विचारलं नाही.

मावशी आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत दोघी बहिणी सकाळी भांडत, दुपारी झोपत आणि संध्याकाळी राहिलेलं भांडत. घर आनंदात होतं. सतरा तारखेची हकीकत सासूबाईंनी लेकीला सांगितली नाही. मात्र भाजीत मीठ कमी आहे असं पद्धतराव म्हणाले की त्या नुसतं "सतरा" एवढंच म्हणत, आणि पद्धतरावांना भाजी एकदम चवदार लागे.

ऑफिसात दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टेबलावर एक मेमो सहीसाठी आला. मेकॅनिकला परस्पर पाठवून नियम मोडल्याबद्दल त्या फोनवरच्या मुलीला कामावरून कमी का करू नये, अशी विचारणा होती. पद्धत तशी चोख होती. मेमो घेऊन पद्धतराव थेट मोठ्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, पद्धत चुकली आहे."

"अहो, तक्रारी निम्म्यावर आल्यात!"

"काल मी तक्रार करायला गेलो होतो, साहेब. तुम्ही एकदा करून बघा. समजा, लिफ्ट अडकलीये आणि तुम्ही आत आहात."

मोठ्या साहेबांनी हसत फोन लावला. आरशापर्यंत हसू टिकलं. बासरीची दुसरी फेरी झाली तेव्हा ते टेबलावर बोटं आपटत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी फोन आपटला. "हा आगाऊ माणूस कोण आहे?"

"मी आहे," पद्धतराव म्हणाले. आता त्यांना सवय झाली होती.

मेमो फाटला. क्रमांकाच्या पट्ट्या लिफ्टच्या आत आल्या. सुरक्षा-प्रश्न गेला, आणि त्यासाठी पद्धतरावांनी जरा जास्तच जोर लावला असं म्हणतात. त्या मुलीला तिथल्या इतरांना शिकवायच्या कामावर नेमलं, आणि सगळ्यात पहिला प्रश्न तिचाच ठेवला. बासरी काढून टाकली. आगाऊ माणसाच्या जागी एक नवा आवाज आला, थोडा कापरा पण घरचा. "घाबरू नका. मी ऐकतेय. कुठे निघाला होतात?" असं म्हणून तो थांबे, आणि लगेच माणूस फोनवर येई. आवाज सासूबाईंचा होता. एवढी तीन वाक्यं बोलायला त्यांनी अख्खा दिवस घेतला होता, कारण 'मी ऐकतेय' म्हटल्यावर गप्प बसायचं असतं, हे त्यांना पटत नव्हतं.

महिनाअखेरीस तक्रारी दुप्पट झाल्या. मोठे साहेब गंभीर झाले, पण लिफ्ट दुरुस्त होऊ लागल्यावर तेही निवळले. फक्त एक गोष्ट पद्धतरावांच्या ध्यानात आली. लांबच्या एका गावाहून रोज संध्याकाळी एक फोन येई. सासूबाईंची तीन वाक्यं होत, आणि माणूस फोनवर यायच्या आत पलीकडून फोन ठेवला जाई. अशा विनाकारण येणाऱ्या फोनचा नंबर बंद करावा, असा पद्धतरावांचाच जुना नियम होता. नंबर पाहिला तर मावशीचा.

त्यांनी फोन लावला. "मावशी, तुमच्या लेकाचं घर तर बैठं आहे ना? तिथे लिफ्ट कुठली?"

"नाहीच आहे, जावईबापू."

"मग रोज तक्रारीच्या नंबरला फोन? आईंशी बोलायचं तर घरी करा की."

"घरी करतेच. घरच्या फोनवर ताई माझ्या चुका सांगते." मावशी म्हणाली. "तुमच्या त्या नंबरवर ती म्हणते, घाबरू नकोस, मी ऐकतेय. जन्मात कधी म्हणाली नाही हो ती मला असं."

पद्धतरावांनी नोंद उघडली, 'तक्रारीचे स्वरूप' या जागेपुढे 'तक्रार नाही' असं लिहिलं, आणि नंबर चालू ठेवला.